पालथा हात

श्रावणातला दुसरा आठवडा होता आणि घरात तीन दिवस माशांचा वास येत होता.

आमच्याकडे श्रावण कडक पाळतात. सासूबाई पंच्याऐंशीच्या आहेत, त्या असेपर्यंत ह्या महिन्यात घरात अंडंसुद्धा शिरणार नाही. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "खालच्यांनी बोंबील तळलेत गं." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गॅलरीचं दार लावून घ्यायला लावलं. तिसऱ्या दिवशी मी ओट्याखालचा डबा, मोरीची जाळी, फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, सगळं घासून काढलं. तरी वास सकाळी यायचा, दुपारी नाहीसा व्हायचा आणि संध्याकाळी पुन्हा यायचा. नवल म्हणजे स्वयंपाकघरात तो कमी होता आणि बाथरूमबाहेरच्या बोळात जास्त.

चौथ्या दिवशी आंघोळीला जाताना गिझरचं बटण दाबलं आणि बोट चटकन मागे घेतलं. शॉक बसला नव्हता. बटण गरम होतं, नुकत्याच उतरवलेल्या चहाच्या कपाला हात लागावा इतकं.

माझ्या फोनमध्ये एक नंबर 'वायरमन कोपरा' ह्या नावाने ठेवलेला आहे. फोन तीनदा बदलला, तो नंबर प्रत्येक वेळी आधी उतरवून घेतला. मी बोलायला सुरुवात केली, "दादा, गिझरचं बटण तापतंय," तेवढ्यात त्यांनी विचारलं, "माशासारखा वास येतोय का?" मला वाक्य पुरं करता आलं नाही. "वहिनी, गिझर बंद करा. मेनपण बंद करा. आजींना त्या बाजूला बसू देऊ नका. मी आलो."

आजींचा पलंग त्याच भिंतीला लागून आहे, हे त्यांच्या लक्षात होतं.

वीस मिनिटांत ते आले. खांद्याला खाकी पिशवी, चष्मा दोरीने गळ्यात. आल्याबरोबर त्यांनी मेन खरंच बंद आहे का ते पाहिलं, मग बोळात येऊन बोर्डाच्या प्लेटवर हात ठेवला. पालथा हात, बोटांच्या मागच्या बाजूने. असं का, हे त्यांनी मला फार पूर्वी सांगितलं होतं. करंट लागला की हाताची मूठ वळते. तळवा लावलेला असेल तर मूठ त्या वस्तूवरच आवळली जाते आणि माणूस चिकटतो. पालथा हात असेल तर मूठ वळताना हात सुटून येतो. मेन बंद असतानाही ते पालथाच हात लावतात. चाळीस वर्षांची सवय आहे, आणि मला त्या सवयीचा फार भरवसा वाटतो.

आमचा तो बोर्ड जुना, सनमायकाचा, मागे लाकडाची पेटी. चार स्क्रू काढून त्यांनी सनमायका अलगद पुढे ओढला. तो वास आता भपकन बाहेर आला. सोळा अँपियरच्या सॉकेटला येणारी लाल वायर शेवटच्या दोन इंचांत कॉफीच्या रंगाची झाली होती. त्यांनी पकडीने जरा दाबली तर वरचं आवरण भाजलेल्या पापडासारखं मोडून खाली पडलं. सॉकेटच्या मागचं काळं प्लास्टिक एका कोपऱ्यात बुडबुडे येऊन फुगलेलं. आणि त्याच्या मागे, लाकडी पेटीच्या तळाला, रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग. लाकूड जळायला लागलं होतं. त्या लाकडाच्या पलीकडे भिंत, आणि भिंतीच्या पलीकडे सासूबाईंची उशी.

मी खालीच बसले.

"एवढं तापलं तर एमसीबी पडला कसा नाही?" नवऱ्याने विचारलं. त्याचा प्रश्न रास्त होता. आम्ही चांगला ब्रँडेड एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा सेफ्टी स्विच, बसवला होता आणि त्याच्या जिवावर निश्चिंत होतो. दादांनी स्क्रू दाखवला. तो बोटाने फिरत होता. दोन किलोवॅटचा गिझर घेऊन घेऊन घेणार नऊ अँपियर. एमसीबी सोळाचा. त्याच्या दृष्टीने सगळं ठीक चाललंय. स्क्रू सैल असला तरी वायरीतून जाणारा करंट नऊच राहतो, पण तो सगळा करंट सुईच्या टोकाएवढ्या जागेतून घुसतो आणि ती जागा तापते. तापलं की धातू फुगतो, गार झालं की आक्रसतो. रोज सकाळ-संध्याकाळ हेच चालतं. प्रत्येक फेऱ्यात स्क्रू आणखी थोडा सैल. त्यात आपली मुंबईची खारी, दमट हवा, तांब्यावर हिरवट थर चढवणारी. जास्त करंट गेला किंवा शॉर्ट झालं तरच एमसीबी पडतो. सैल जोड त्याला कळतच नाही. तो आधी नाकाला कळतो. बटणं, सॉकेट ज्या प्लास्टिकची आणि बेकेलाइटची करतात ती तापली की कित्येकदा अगदी माशासारखा वास सोडतात.

वर्तमानपत्रात आगीची बातमी येते, 'शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज', आणि आपण पान उलटतो. त्या पाच शब्दांच्या मागे किती घरांत असा एखादा सैल स्क्रू असेल, हे त्या सकाळपासून माझ्या डोक्यातून जात नाही.

आमची इमारत दादर पूर्वेला, हिंदमातापासून चालत सात-आठ मिनिटांवर, १९३८ सालची. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात लाकडी पट्टीतलं वायरिंग होतं, चिनी मातीचे फ्यूज होते आणि गोल, वर-खाली करायची काळी बटणं होती. त्या पट्टीतल्या वायरींवर रबर आणि वरून सुती विणीचं कापड. दादांनी एकदा त्यातला तुकडा कापून माझ्या हातावर ठेवला होता. रबर खडूसारखं भुगा होऊन गळलं, आत नुसतं तांबं उरलं. अशा वायरींवर आम्ही तीन मजल्यांची माणसं जेवत होतो, झोपत होतो, मुलांचे अभ्यास घेत होतो.

दादांचं दुकान म्हणजे कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याच्या शेजारी एक चार फुटांचं खोपटं. आत फिरत्या पंख्याचे सांगाडे टांगलेले, मिक्सरची भांडी, वायरीच्या गुंडाळ्या. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड केला, मग मामाच्या हाताखाली उमेदवारी, मग सरकारचा वायरमन परवाना. तो फ्रेम करून आतल्या भिंतीवर लावलाय, गणपतीच्या तसबिरीखाली. राहतात नायगावला. गाव कणकवलीच्या पलीकडे, त्यामुळे गणपतीत दहा-बारा दिवस ते मुंबईत नसतात. आमच्या गल्लीत चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात जी घाई उडते ती मखरापेक्षा दादांसाठी जास्त. सगळ्यांना माळा लावून, बोर्ड तपासून हव्या असतात. ते गावाला गेल्यावर काही झालं तर, ही धास्ती प्रत्येक घरात असते.

ते चांगलं काम करतात हे खरं आहे. पण मला त्यांच्याबद्दल सगळ्यात मोलाचं काय वाटतं म्हणाल तर ते 'नाही' म्हणतात. हे कळायला मला एक वाईट रात्र लागली.

२००९ सालचा मे महिना. मुलीची बारावी नुकतीच झाली होती, पुढच्या प्रवेश परीक्षा चालू होत्या, घरात घामाने जीव नकोसा झालेला. आम्ही दीड टनाचा खिडकीतला एसी घेतला. दादांना बोलावलं. त्यांनी पट्टी जरा उघडून वायर बघितली आणि म्हणाले, "ही तीन-बावीस आहे. ह्याच्यावर एसी लागणार नाही." जुने वायरमन अजूनही वायरीला असंच ओळखतात, तीन-बावीस, सात-वीस. पहिला आकडा तारांचा, दुसरा जाडीच्या गेजचा, आणि गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. तीन-बावीस म्हणजे बारीक अशा तीन तारा. दिवे-पंख्याला ठीक. एसीला मीटरपासून वेगळी लाइन ओढायची, चार एमएमची वायर, स्वतंत्र एमसीबी, आणि बेस्टकडे, म्हणजे आम्हाला वीज पुरवणाऱ्या उपक्रमाकडे, अर्ज करून मंजूर लोड वाढवून घ्यायचा. आठवडा लागेल, नऊ हजारांच्या आसपास जातील.

"दादा, आत्तापुरता गिझरच्या पॉइंटवर जोडून द्या, मग पावसाळ्यात बघू."

"नाही वहिनी. मी नाही देणार."

मला राग आला. माणूस दारात येऊन, एसी डोळ्यांसमोर असताना, चारशे रुपयांचं काम सोडून चालला होता. मला वाटलं, मोठं काम काढायचं म्हणून घाबरवतोय. दुकानदाराने आपला माणूस पाठवला. त्याने तासाभरात एसी चालू करून दिला. दोनदा फ्यूज उडाला, तर त्याने फ्यूजही 'मजबूत' करून दिला. मुलगी त्या रात्री गार हवेत झोपली आणि मला दादांचा अडमुठेपणा सगळ्यांना सांगावासा वाटला.

अकराव्या रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली. बोळातला छोटा दिवा थरथरत होता. छताजवळच्या लाकडी पट्टीतून बारीक धूर निघत होता, उदबत्तीच्या धुरासारखा, सरळ. नवऱ्याने धावत जाऊन मेन ओढला. तरी पट्टी आत धुमसतच होती. आम्ही ती काठीने उचकटून खाली पाडली. पाणी टाकायचं नाही एवढं भान सासूबाईंना होतं, त्यांनी कुंडीतली माती ओतली.

दादांना फोन केला तेव्हा मला लाज वाटत होती. ते पावणेतीनला आले. बनियनवर शर्ट, बटणं वर-खाली लागलेली. टॉर्चच्या उजेडात त्यांनी फ्यूजचा चिनी मातीचा पकडा बाहेर ओढला आणि माझ्यासमोर धरला. तिथे केसासारखी बारीक फ्यूजची तार असायला हवी होती. होती वायरीतली तांब्याची, तीन पदर पिळून घातलेली. फ्यूजची तार वितळावी म्हणूनच असते. घरात कुठेतरी काहीतरी जळणारच असेल तर ते त्या चिनी मातीत, आपल्या हाताशी जळावं, ह्यासाठी ती मुद्दाम बारीक ठेवलेली असते. इथे ती वितळली नाही, म्हणून भिंतीतली वायर वितळली.

'मी सांगितलं होतं' असं ते म्हणाले नाहीत. पहाटेपर्यंत बसून त्यांनी जळलेला भाग तोडला, दोन दिवे आणि पंखे वेगळे काढून चालू करून दिले, बाकी सगळं बंद ठेवलं. जाताना एवढंच म्हणाले, "आता पूर्ण वायरिंग बदला. हप्त्याने द्या पैसे."

त्यानंतर मला जुन्या गोष्टी नव्याने आठवायला लागल्या. २६ जुलै २००५ ची. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आमच्या जिन्याखालच्या मीटर रूममध्ये कंबरभर पाणी होतं. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं आणि लोक मेन स्विच चालू करायला निघाले. कोणाच्या घरी लहान बाळ, कोणाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये, पंपाशिवाय वर पाणी नाही. सगळी कारणं खरी होती. दादा मीटर रूमच्या दारात उभे राहिले. आत ओल आहे, मी चालू करणार नाही आणि कोणाला करू देणार नाही. लोक वाटेल ते बोलले. एकाने तर हात धरून ओढलं. त्यांनी कुठून तरी मेगर आणला, ते हाताने फिरवायचं यंत्र, वायरीचं आवरण धड आहे की नाही हे सांगणारं. बेस्टची माणसं आल्यावर त्यांच्याबरोबर उभे राहून एकेक लाइन तपासली. ज्यांची लाइन नापास झाली त्यांची त्यांनी सुटी करून ठेवली. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी दिवे आले. त्या पुरात मुंबईत शॉक लागूनही माणसं गेली. आमच्या इमारतीत कोणाला काही झालं नाही. त्याचे आभार कोणी मानल्याचं मला आठवत नाही. मीही नाही मानले.

पण त्यांचा सगळ्यात अवघड नकार २०१४ चा होता आणि तो साऱ्या इमारतीला होता.

त्या वर्षी सोसायटीने पाण्याचे पाइप बदलले. जुने लोखंडी पाइप गंजून पाणी लाल यायला लागलं होतं. पैसे पुरेनात म्हणून खालचा अर्धा भाग बदलला, प्लास्टिकचा घातला, वरचा पुढच्या वर्षी करू म्हणाले. महिन्याभराने पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकू सांगायला लागल्या की नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. वय झालंय, नसा, साखर तपासा, असं सगळ्यांनी सांगितलं. मग माझ्या मुलीला अंघोळ करताना तेच झालं.

दादांनी तीन दिवस घरोघर फिरून शोध लावला. आमच्यासारख्या जुन्या इमारतीत अर्थिंगचा, म्हणजे बिघाडाचा करंट जमिनीत उतरवायचा, वेगळा खड्डा नव्हताच. कोणे एके काळी कोणीतरी प्रत्येक घराची अर्थिंगची वायर पाण्याच्या लोखंडी पाइपला आवळून दिली होती, कारण पाइप पुढे जमिनीत जात होता. सत्तर वर्षं ते चाललं. खालचा पाइप प्लास्टिकचा झाला त्या दिवशी जमिनीशी असलेला संबंध तुटला, आणि वरचा लोखंडी पाइप बारा घरांच्या अर्थिंगसकट नुसता अधांतरी लोंबकळत राहिला. तिसऱ्या मजल्यावर एका घरात गिझरची कॉइल फुटून करंट उतरत होता. तो अर्थिंगच्या वायरीतून पाइपात आला आणि पाइपातून सगळ्यांच्या नळांत. ज्यांच्या घरी बिघाड होता त्यांना पत्ता नव्हता. झिणझिण्या पहिल्या मजल्यावर.

प्लंबरने त्याचं काम चोख केलं होतं. त्याची चूक नव्हती. पाइपातून पाण्याखेरीज आणखी काही जातं हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. ते माहीत असणारा एकच माणूस होता आणि पाइप बदलताना त्याला कोणी विचारलं नव्हतं.

सोसायटीची सभा बसली. खड्डा, तांब्याची प्लेट, प्रत्येक घरापर्यंत हिरवी वायर आणि प्रत्येक घरात ३० मिलिअँपियरचं ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारं यंत्र), एवढा खर्च दादांनी कागदावर मांडला. आणि ते वाक्य आलंच, जे आमच्यासारख्या इमारतींत गेली पंधरा-वीस वर्षं प्रत्येक सभेत येतं: "बिल्डिंग तर रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे, कशाला खर्च?" आमची इमारत तेव्हापासून जातेच आहे. दोन बिल्डर बदलले, नकाशे तीनदा आले. आम्ही अजून तिथेच राहतोय. दादर, परळ, गिरगावात अशा किती इमारती असतील, ज्यांच्या वायरी 'उद्या पडणारच आहे' म्हणून कोणी बदलत नाही आणि त्याच घरांत एसी, मायक्रोवेव्ह, इंडक्शन, वॉशिंग मशीन मात्र दरवर्षी वाढत जातात. ज्या घरात फॉल्स सीलिंगला लाख रुपये सहज निघतात तिथे अर्थिंगच्या सात हजारांवर तासभर घासाघीस होते. ह्याचा मला मनापासून त्रास होतो. छत दिसतं, खड्डा दिसत नाही, एवढंच कारण.

दादा सभेत शेवटी बोलले. "अर्थिंग होईपर्यंत ह्या बिल्डिंगमध्ये मी गिझर जोडणार नाही. दुरुस्त पण करणार नाही. दुसरा कोणी आणलात तर त्यालापण सांगेन."

डिसेंबर तोंडावर होता. गिझरची कामं म्हणजे त्यांची हंगामाची कमाई. त्यांनी ती सोडली. तीन आठवडे आमच्या इमारतीतले लोक त्यांच्या दुकानासमोरून मान फिरवून जात होते. मग चौथ्या आठवड्यात वर्गणी निघाली.

कंपाउंडच्या कोपऱ्यात, तगरीच्या झाडाजवळ, माणूस उभा मावेल एवढा खड्डा खणला. दोन फूट बाय दोन फूट तांब्याची प्लेट उभी सोडली, भोवती कोळसा आणि मीठ थरावर थर, कारण ते ओल धरून ठेवतात आणि ओल्या जमिनीत करंट सहज जिरतो. वर नरसाळं बसवलेला पाइप. एप्रिल-मे महिन्यात त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचं असतं. आमचा वॉचमन ते ओततो, आणि तो सुट्टीवर असला तर मी ओतते. ईएलसीबीचं काम त्यांनी सासूबाईंना समजावलं होतं ते मला अजून पाठ आहे. "आजी, जेवढा करंट घरात जातो तेवढा परत आला पाहिजे. जरा जरी कमी आला, तर तो कुठेतरी दुसरीकडून चाललाय. भिंतीतून, नाहीतर तुमच्या अंगातून. हे त्याचा हिशोब ठेवतं. हिशोब चुकला की डोळ्याची पापणी लवायच्या आत बंद."

अधूनमधून भाच्या-पुतणे विचारतात, नव्या जागेत गेलोय, वायरमन कसा शोधू? अ‍ॅपवरून मागवला तर? मागवा की. त्यांच्यातही नीट शिकलेली, मेहनती मुलं असतात, आमच्या मुलीकडे ठाण्याला येणारा मुलगा चांगला आहे. पण माणूस कोणताही असो, तो आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करतो ते बघा. मेन कुठे आहे हे विचारतो का? टेस्टर लावून थांबतो की पुढे जातो? नुसता टेस्टर फसवतो. न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, तुटलेली असली तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटू शकतो आणि नवख्याला वाटतं वीज दुप्पट आहे. दादा म्हणून होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा बल्ब जवळ ठेवतात. बल्ब पुरा पेटला तर खरं. वायर आणली तर तिच्यावर आयएसआयची खूण आहे का? लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात उत्तम माल मिळतो आणि तसाच दिसणारा हलकाही मिळतो. आणि एक विचारून बघा, मुद्दाम विचारा: "आत्तापुरतं ह्याच्यावरच जोडून देता का?" लगेच 'हो, होऊन जाईल' म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आपल्या वाटचं आणि बेस्टच्या वाटचं कुठलं, हेही माहीत हवं. मीटरपर्यंतचं त्यांचं, मीटरनंतरचं आपलं. मीटरच्या सीलला दादा हात लावत नाहीत, कोणी कितीही अजीजी केली तरी. तिथे बेस्टला फ्यूज कॉलच करायचा, म्हणजे वीज गेल्याची तक्रार द्यायची. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली तेव्हा त्यांचा फोन सतत वाजत होता. बाकी महाराष्ट्राने भारनियमनाची वर्षं काढली, पण आपल्याला अंधाराची सवयच नाही. त्यामुळे दिवा गेला की आपल्याच घरात काही बिघडलं असं वाटतं. दादांचं सगळ्यांना एकच उत्तर होतं, "आधी खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमध्ये बघा."

पैशांचंही बोलायलाच हवं. येऊन बघायचे ते दोनशे घेतात. 'एक स्क्रू पिळायचे दोनशे?' असं आमच्या मजल्यावर ऐकू येतं. मी आता ह्यावर भांडते. नकार देणाऱ्या माणसाचं उत्पन्न नेहमी कमी असतं. दीड टनाच्या एसीचे चारशे त्यांनी सोडले, हंगामभर गिझर सोडले, पुरानंतरच्या तीन दिवसांचे एक पैसा घेतला नाही. स्क्रू पिळायचे दोनशे आपण खळखळ न करता दिले तर पुढच्या वेळी 'नाही' म्हणणं त्यांना परवडेल. मला ते परवडायला हवं आहे. माझ्या घरातल्या म्हातारीची उशी त्या भिंतीला आहे.

त्या सकाळी त्यांनी लाकडी पेटी अख्खी उखडून काढली. भिंतीत लोखंडी पेटी बसवली, चांगल्या वायरीपर्यंत मागे कापत गेले, नवा सॉकेट, नवं बटण. वायरीचं टोक सोलल्यावर त्यांनी तारा पिळून, दुमडून आत घातल्या, स्क्रू आवळला, मग वायर धरून ओढून पाहिली. परत आवळला. परत ओढली. हे त्यांनी तिन्ही वायरींना केलं. जळका सॉकेट मला दिला नाही, "टाकून द्याल" म्हणाले, पिशवीत टाकला. दुकानात त्यांनी असे तुकडे एका डब्यात ठेवलेत. नव्या पोरांना शिकवताना ते वास घ्यायला देतात.

सासूबाईंनी विचारलं, "मग खालच्यांनी बोंबील नव्हते तळले?"

"नाही आजी," दादा म्हणाले. "त्यांच्याकडे पण श्रावण आहे."

संध्याकाळी त्या काठी टेकत जिना उतरून खाली गेल्या आणि साबुदाण्याची खिचडी देऊन आल्या.

निघताना दादांनी मला सांगितलं होतं, "आज गिझर तासभर चालू ठेवा. मग प्लेटला हात लावून बघा आणि मला फोन करा. पालथा लावा." मी घड्याळ लावून बसले. आतलं पाणी कढत झालं की गिझर आपोआप बंद पडे, मग मी नळ सोडून गार पाणी आत येऊ देई, की पुन्हा चालू. बादल्या भरल्या, कपडे भिजवले, सासूबाईंचे पाय शेकले. साडेसात वाजता बोळात जाऊन मी बोटांची मागची बाजू प्लेटवर टेकवली आणि तशीच थोडा वेळ उभी राहिले.

मग फोन लावला. "दादा, गार आहे."

"उद्या परत बघा," ते म्हणाले.